वर्सोव्याच्या रस्त्याची आखणी

गिरण्यांचा संप लांबला, बाबांची नोकरी गेली आणि त्याच सुमारास मला रस्त्यांची आखणी करणाऱ्या एका कचेरीत ट्रेसरची नोकरी लागली. आम्ही बोरीवलीला राहायचो. घरात मिळवती मी एकटीच, धाकटा भाऊ शाळेत. इंजिनीअर काढतील तो नकाशा ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचा, एवढंच माझं काम. पण माणसं कमी पडली की आम्हालाही बाहेर नेत. अशीच एका हिवाळ्यात माझी रवानगी अंधेरी स्टेशनाकडून वर्सोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर झाली.

ते काम एका तरुण इंजिनीअरकडे होतं. मढचा कोळी मुलगा, रोज तरीने खाडी ओलांडून यायचा. टेपचं एक टोक तो धरायचा, दुसरं मी. फूटपाथ कुठे हवा, शाळेसमोर मुलांनी रस्ता कुठून ओलांडायचा, बसथांबा वळणापासून पुढे का न्यायचा, हे तो चालता चालता मला सांगायचा. ट्रेसरला असं समजावून कुणी सांगत नसे. पहिल्या काही दिवसांतच 'तुम्ही'चं 'तू' झालं.

रस्त्याच्या एका तुकड्याकडे मात्र तो फिरकत नसे. तिथली मापं घ्यायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचा. रस्त्याच्या कडेला तिथे कोळणी मासळी घेऊन बसायच्या. गिऱ्हाइकं रस्त्यातच उभी, मागून बसचे हॉर्न, त्यातून रिक्षा वाट काढायच्या. एका सकाळी बसला जागा द्यायला म्हणून एक टेम्पो मागे आला आणि एका कोळणीच्या पायावरून त्याचं चाक गेलं. आम्ही समोरच्या बाजूला शाळेपाशी मापं घेत होतो. हातातलं सगळं टाकून तो धावला. त्या बाईला उचलून रिक्षात घातलं, तेव्हा शेजारची म्हातारी कोळीण त्याचा दंड धरून रडत होती. "बघ रे, आज तिचा पाय, उद्या माझा!"

रिक्षा गेल्यावर त्या म्हातारीकडे बघत तो मला म्हणाला, "ही माझी आई."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"काय बोलू? साहेब म्हणतात, यांना इथून उठवा. उठवायचा नकाशा मी काढायचा, आणि संध्याकाळी हिच्या हातचं जेवायचं?"

साहेबांच्या आराखड्यात मासळी बाजाराला जागा होती, पण ती मागे, नाल्याकाठी. तिथवर गिऱ्हाईक गेलंच नसतं. रस्त्यालगतचा मोकळा भूखंड त्यांनी मोटारी उभ्या करायला राखला होता. त्याने या दोन्हींची अदलाबदल करायचं ठरवलं. मोटारी मागे, बाजार पुढे, ओट्यांची तोंडं फूटपाथकडे. शनिवारी दुपारी कचेरी रिकामी झाल्यावर आम्ही दोघं बसलो. तो पेन्सिलीने काढायचा, मी शाईने उतरवायची. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून त्याने दोन्ही कोपरं त्यावर टेकली होती. एरवी माझा हात झरझर चालतो. त्या दुपारी मी मुद्दाम हळू काढत होते.

सोमवारी साहेबांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "आईसाठी करतोयस का हे?"

"हो साहेब. आणि चाकाखाली येतील त्या सगळ्यांसाठी."

साहेबांनी नकाशावर वाकून बाजारापासून फूटपाथपर्यंत बोट फिरवलं. मग, "मोटारवाले माझ्या नावाने शिमगा करतील," म्हणाले आणि त्यांनी सही केली.

पुढे एका दुपारी त्याच्या आईने मला हाक मारली. "ये गो पोरी, बस हितं. बांगडा साफ करता येतो?"

"आम्ही मालवणकडचे, मावशी," मी म्हटलं आणि सुरी घेतली. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. "चांगला हात हाय," ती लेकाला म्हणाली. त्याने पटकन दुसरीकडे तोंड फिरवलं, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

त्याच आठवड्यात तरीच्या धक्क्यावर तो म्हणाला, "आई विचारतेय, तुमच्या घरी कधी यायचं?"

"आणि तू?"

"मी पण तेच विचारतोय ना!"

आजच या, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण घरी बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. मी म्हटलं, "भावाचं शिक्षण होईपर्यंत थांबशील?"

"थांबतो की."

आणि तो खरंच थांबला. फूटपाथ झाला, शाळेपाशी सिग्नल लागला, बाजाराचे ओटे बांधून झाले, कोळणी त्यांच्यावर बसल्या. भाऊ एक वर्ष नापास झाला, बाबा अंथरुणाला खिळले. त्याने एकदाही घाई केली नाही. पण त्याच्या आईचे गुडघे गेले. तिला पाटी उचलवेना, घरी चुलीपाशी बसवेना. पहाटे उठून तोच भाकऱ्या थापायचा. शेवटी मीच म्हणाले, "आता माझ्यासाठी थांबू नकोस रे."

"तू सांगतेस म्हणून?"

"हो."

"आणि तुला काय वाटतं, ते?"

त्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं आणि मी मुलुंडला बदली मागून घेतली. जाण्याआधी बाजारात गेले होते. त्याची आई ओट्याला धरून कशीबशी उभी राहिली, ओल्या हाताने माझा गाल कुरवाळला आणि म्हणाली, "माज्या घरान यायची व्हतीस गो तू."

भाऊ आता चांगल्या नोकरीत आहे. मधूनमधून विचारतो, "ताई, तू लग्न का नाही केलंस गं?" मी म्हणते, राहून गेलं. मग तो गेल्यावर मढच्या त्या घराचा विचार करत बसते. ते मी आतून कधीच पाहिलं नाही. चूल कुठल्या बाजूला असेल, दारातून खाडी दिसत असेल का, संध्याकाळी तो कुठे बसत असेल, असलंच काहीतरी मनात येत राहतं.