दोन तुटक रेघा

जुन्या नकाशांचं वेड मला कधी लागलं ते सांगता येणार नाही, पण ते घरच्यांना केव्हा नकोसं झालं ते मात्र पक्कं आठवतं. नाशिकला एका शाळेत मी भूगोल शिकवायचे. सुटी असली की भद्रकालीतल्या रद्दीच्या दुकानांत जाऊन बसायचं, हा माझा छंद. नवरा म्हणायचा, लोकांच्या बायका साड्या बघतात, माझी बायको दुसऱ्यांची रद्दी बघते. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. नदीचं जुनं पात्र, आता ज्यावर कॉलनी उभी आहे तो मळा, बुजवलेली विहीर, हे सगळं एखाद्या पिवळ्या कागदावर अचानक दिसलं की मला गावाचं लग्नाआधीचं नाव कळल्यासारखा आनंद व्हायचा. वर्गात मुलांना मी मोठ्या ऐटीत सांगायचे, ‘नकाशा खोटं बोलत नाही. आपल्याला वाचता यायला हवा.’

हे वाक्य आता आठवलं तरी कानांच्या पाळ्या गरम होतात.

नव्वदचं दशक सरता सरता एका दुकानदाराने माझ्यासाठी एक गुंडाळी बाजूला ठेवली. कुणा मयत मोजणीदाराच्या घरातून आलेल्या रद्दीत ती होती. कापडावर चिकटवलेला, कडा कुरतडलेला गावनकाशा. उलगडला आणि मी तिथेच ओरडले. आमचं गाव! पिंपळगाव बसवंतच्या अलीकडचं, वस्ती नकाशात जेमतेम तळहाताएवढी. मारुतीचं देऊळ, गावविहीर, स्मशान, ओढा, प्रत्येक शेताचा नंबर बारीक वळणदार अक्षरात. तो नकाशा मी घरी आणला आणि पुढे कितीतरी दिवस त्याच्यावर भिंग फिरवत बसले. झाडांच्या खुणा पाहिल्या, अक्षराचं वळण पाहिलं, शाईचा रंग कुठे उडालाय ते पाहिलं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं वावर सापडलं तेव्हा त्याच्यावरून बोटसुद्धा फिरवलं.

अण्णा द्राक्षबागायतदार. बागेने आम्हाला चांगले दिवस दाखवले होते. मळ्यात त्यांनी नवा बंगला बांधला आणि वैशाखात वास्तुशांत ठरवली. काय भेट द्यावी या विचारात मी होते आणि भेट तर घरातच गुंडाळून ठेवलेली. मेन रोडला जाऊन नकाशाला चांगली सागवानी चौकट करून घेतली, काच बसवली. हौसेला मोल नाही म्हणतात, पण कधीकधी हौस मोल वसूल करते.

वास्तुशांतीच्या सकाळी मी स्वतः हट्टाने हॉलमध्ये, दारातून आल्या आल्या दिसेल अशा भिंतीवर तो लावून घेतला. अण्णा पूजेला बसलेले होते. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि म्हणाले, “हिथं कशाला लावला? आत लाव की.” मला वाटलं, नव्या भिंतीला खिळा मारला म्हणून रागावले. मी हसून म्हटलं, “अण्णा, अहो सगळ्यांना दिसू दे!”

सगळ्यांना दिसला. जेवणं झाल्यावर नकाशापुढे ही गर्दी. विड्याची पानं चघळत माणसं आपापलं शेत शोधायला लागली. “माझं वावर कुठं हे, दाखव बरं.” मी दाखवायचे. “अरे, आमच्या आज्याची हीर लावलेली हे ह्याच्यात!” एकाच्या बांधावरचा आंबा नकाशात निघाला, तर तो लगेच शेजाऱ्याकडे बघून मिशीवर पीळ देऊ लागला. मी तर हवेत होते. एवढे मन लावून ऐकणारे विद्यार्थी मला शाळेत कधी मिळाले नव्हते.

त्या घोळक्यात ओढ्याकडच्या काकू मागे उभ्या होत्या. त्यांचं शेत आमच्या बागेच्या पलीकडच्या अंगाला. त्यांना शेतात जायला बागेला वळसा घालून ओढ्यातूनच उतरावं लागायचं, मी लहान असल्यापासून तसंच पाहत आलेले. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की त्यांचं शेत अडकून पडायचं. कांद्याच्या गोण्या त्या आणि काका डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून यायचे. टेम्पो शेतापर्यंत जात नाही म्हणून त्यांनी द्राक्षं कधी लावलीच नाहीत. काका गावात भांडखोर म्हणून ओळखले जायचे. ते म्हणायचे, आमची गाडीवाट होती, तुम्ही बागेखाली घातली. अण्णा म्हणायचे, वाट नव्हतीच. चावडीवर पंच बसले, कागद आण म्हणाले. काका तालुक्याला खेपा मारून आले, तिथे कळलं की गावचा नकाशा जीर्ण होऊन फाटलाय. पंचांनी काकांना खोट्यात काढलं. तेव्हापासून पोरंसोरंसुद्धा त्यांच्या मागे ‘वाट, वाट’ करून ओरडायची. काका जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

काकू पुढे आल्या. “माझं वावर कोणतं गं, पोरी?”

मी दाखवलं.

त्यांनी पदराने हात पुसून काचेवर बोट टेकवलं. गावापासून त्यांच्या शेतापर्यंत ते बोट सावकाश गेलं. “अन् ह्या दोन तुटक रेघा? ह्या कशाच्या?”

पुढचं मी विचार करून बोलले असते तर काय बोलले असते, ते मला माहीत नाही. पण मी विचार केलाच नाही. वर्षानुवर्षं वर्गात जे घोकून घेतलं होतं तेच, त्याच खणखणीत बाईंच्या आवाजात बाहेर पडलं, “एक तुटक रेघ म्हणजे पायवाट, दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट!”

पानं चघळणारी तोंडं माझ्याकडून अण्णांकडे वळली. मग मी रेघांकडे पाहिलं. गावातून निघालेल्या त्या दोन तुटक रेघा आमच्या वावरात शिरत होत्या, मधल्या झाडाच्या खुणेपाशी वळत होत्या आणि सरळ काकूंच्या बांधाला जाऊन थांबत होत्या. इतके दिवस मी त्यांच्यावरून भिंग फिरवलं होतं. बोट फिरवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असणार.

नकाशाकडेच बघत काकू म्हणाल्या, “म्हंजी आमचे मालक खोटं नव्हते बोलत.”

अण्णा कोचावर बसलेले. “आसंल पूर्वी,” एवढंच ते म्हणाले आणि पाहुण्यांना चहाचं विचारायला उठले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आईने संध्याकाळी हळूच चौकट काढून पलंगाखाली सरकवली. मला म्हणाली, “हात दाखवून अवलक्षण केलंस.” नाशिकला परतताना एसटीत मी सतत स्वतःशी एकच हिशेब मांडत होते, अण्णांना माहीत नसेल. बाग लावली तेव्हा वाट मोडलेली असेल, गवत माजलं असेल, त्यांना खरंच वाटलं असेल की नव्हतीच. हे मी इतक्या वेळा घोकलं की नाशिक येईपर्यंत मला ते पटलंही.

ज्येष्ठात अण्णांचा फोन आला. गावात कुजबुज वाढली होती. “ये एकदा. तो नकाशा घे अन् वाट कुठून जाती ते दाखव. मोकळी करून टाकू.” मला केवढा अभिमान वाटला! बघा, माहीत नव्हतं, कळल्याबरोबर चूक दुरुस्त करायला निघाले. नवऱ्यालाही मी तसंच सांगितलं.

चौकटीतून काढलेला नकाशा घेऊन मी बागेच्या तोंडाशी उभी राहिले. दिशा लावत होते, प्रमाण मोजत होते. अण्णा थांबले नाहीत. मांडवाच्या तारांखालून वाकून ते चालायला लागले, मी मागे. वेलींच्या ओळी सरळ होत्या, पण अण्णा सरळ चालत नव्हते. ओळी ओलांडत तिरके चालले होते. बागेच्या मध्यावर एका रिकाम्या जागी ते थांबले आणि म्हणाले, “हिथं लिंब व्हता.” मी नकाशात पाहिलं. झाडाची खूण होती. तिथून ते डावीकडे वळले. रेघाही तिथेच वळत होत्या. पुढे तारेच्या कुंपणापाशी, बरोबर जिथे त्या दोन रेघा संपत होत्या तिथे जाऊन त्यांनी पायाने मातीत खूण केली.

सबंध वाटेत त्यांनी एकदाही नकाशा मागितला नाही.

माझ्या हातात तो कागद नुसता फडफडत होता. अण्णा घाम पुसत माझ्याकडे न बघता म्हणाले, “चल, ऊन झालं.” बागेच्या जिवावर मी नाशिकला शिकायला राहिले होते. शिकून काय झाले, तर नकाशे वाचणारी.

पावसाआधी त्या तिरक्या पट्ट्यातल्या वेली निघाल्या, वाट मोकळी झाली. आणि मग जे झालं ते तर त्याहून वाईट. गावाने अण्णांचा सत्कार केला. काकूंना वाट ‘दिली’ म्हणून शाल, श्रीफळ, हार. शेजारधर्म कसा पाळावा यावर भाषणं झाली. अण्णांच्या हातात माइक दिला तेव्हा मी जीव मुठीत धरून बसले होते. वाटलं, आता तरी म्हणतील. त्या माणसाचं खरं होतं, एवढं एक वाक्य. अण्णा म्हणाले, “सगळ्यांचं चांगलं व्हावं,” आणि बसले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. बाजूच्या सतरंजीवर काकू बसल्या होत्या. त्यांचे हात मांडीवरच होते.

कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या. वाटेबद्दल काही म्हणाल्या नाहीत. “तो नकाशा मला देतीस का?” म्हणाल्या. मी पुन्हा चौकटीत घालून दिला. आभाळ मोकळं झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला आणि मला वर बघवेना.

आता अण्णा नाहीत. काकूंच्या शेतात टेम्पो जातो, त्यांच्या मुलाने द्राक्षं लावलीत. त्यांच्या घरात काकांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी तो नकाशा आहे. काकूंना वाचता येत नाही. पण घरी कुणी नवीन माणूस आलं, पाहुणा असो की सोयरा, की त्या त्याला उठवून भिंतीपाशी नेतात, बोटाने त्या दोन रेघा गावापासून शेतापर्यंत दाखवतात आणि मग फोटोकडे बोट करतात. हे मला गावातल्या सगळ्यांनी सांगितलंय.

मी गेले की मात्र त्या नकाशाकडे बघतही नाहीत. मला भिंतीकडे पाठ करून बसवतात आणि चहा टाकतात.