पिवळ्या पट्ट्या

डोंबिवलीतल्या आमच्या घरात प्रत्येक दारापाशी लादीवर पिवळ्या चिकटपट्ट्या असायच्या. मला पार्किन्सन्स आहे आणि दार आलं की माझे पाय जमिनीला खिळतात. ठाण्याच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, की मेंदूत डोपामिन कमी पडलं की आपोआप होणारं चालणं अडतं. पण समोर ओलांडायला रेघ दिसली, तर मेंदू दुसऱ्या वाटेने पायांना हुकूम देतो.

मुलीने स्वतः पसंत केलेल्या मुलाचे आईवडील पहिल्यांदा घरी येणार होते. त्या सकाळी मी खाली बसून सगळ्या पट्ट्या खरवडून काढल्या. बायको म्हणाली, "अहो, राहू द्या ना."

मी खेकसलो, "घर आहे की वागळे इस्टेटमधला कारखाना?"

चहापोहे झाल्यावर मी बाथरूमला गेलो आणि परत येताना हॉलच्या दारात अडकलो. पाहुणे बोलायचे थांबले. मुलाचे वडील म्हणाले, "या ना, बसा." मला तेच तर करायचं होतं. मी मान खाली घालून लादीकडे बघत राहिलो. तिथे नुसता गोंदाचा डाग होता.

बायको स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आली आणि तिने ते माझ्या पायांपुढे आडवं ठेवलं. मी ते ओलांडलं आणि थेट खुर्चीपर्यंत चालत गेलो.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसं चांगली होती, अगदी मनापासून वाजवल्या. आमची मुलगी पहिल्यांदा चालली, तेव्हा मीही अशाच वाजवल्या होत्या.