नाण्याची बारी

चष्मा कपाळावर ढकलायचा आणि विचारायचं, "किती पैकी?" आमच्या गणिताच्या मॅडमची ही सवय इतकी पक्की होती, की स्टाफरूममध्ये त्यांच्यासमोर सहज म्हणून काही बोलायची सोय नव्हती. "सातवी ब ची पोरं बिलकूल ऐकत नाहीत," असं इतिहासाचे सर म्हणाले, की चष्मा वर.

"किती पैकी किती, सर?"

सर चिडायचे, मग मनात मोजायचे. "असतील चार-पाच."

"मंग चार-पाच म्हणा न. बाकीच्याइले काहून बदनाम करता?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बरोबर असतात आणि जवळ बसायला नको वाटतात. मॅडमजवळ मात्र बसावंसं वाटायचं, कारण स्वतः बोलतानाही त्या तितक्याच जपून बोलत. "तुमचा डबा चांगला झाला आहे," असं म्हटलं तर "आजचा," असं उत्तर यायचं.

मी या शाळेत पर्यवेक्षिका आहे. मनीषनगरात इमारती वाढल्या तशा आमच्या तुकड्या वाढल्या, आणि एका वाढीव तुकडीसाठी मॅडम तासिकेवर आल्या. तासिकेवर म्हणजे दर वर्षी नवं नेमणूकपत्र, मिळालं तर मिळालं. माहेर उमरेडचं, विणकरांचं. घरातला माग केव्हाच बंद पडला होता. म्हातारी आई त्यांच्याकडे असायची आणि घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

संभाव्यता पुस्तकात वरच्या वर्गात येते. मॅडम सातवीतच सुरुवात करत. 'समसंभाव्य' हा शब्द मुलांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून आधी "सारखाच चान्स" म्हणत आणि महिन्याभराने पुस्तकातला शब्द फळ्यावर लिहीत. "आधी ओळख होऊ द्या, ताई, मंग कागदावरचं नाव सांगू," असं मला म्हणाल्या.

एकदा मी त्यांचा तास पाहायला मागे बसले होते. एका मुलीने ठामपणे सांगितलं, "मॅडम, मी पास होईन नाहीतर नापास होईन. दोनच गोष्टी आहेत. म्हणजे अर्धा-अर्धा चान्स."

"मंग अभ्यास काहून करतं वं? नाणं उडवून पाहून घे."

वर्ग हसला. मॅडमनी पिशवीतून फोडलेले चिंचोके काढले. घरी जमिनीवर घर आखून खेळताना टाकतात तेच; एक बाजू पांढरी, एक तपकिरी. बाजू दोन, म्हणजे अर्धं-अर्धं, असं सगळ्यांचं मत पडलं. मग प्रत्येकाने टाकून पाहिलं आणि फळ्यावर रेघा ओढल्या. एका बाजूच्या रेघा दुसरीच्या कितीतरी पुढे गेल्या. "गोष्टी दोन आहेत म्हणून चान्स सारखा, असं नसते," मॅडम म्हणाल्या. "आधी वस्तू पाहा, कशी आहे ते." इतकं सोपं मला माझ्या शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

त्या चिंचोक्यांनीच घोटाळा केला. सातवीतला एक मुलगा घरी चिंचोके टाकत बसला आणि वडिलांनी विचारल्यावर म्हणाला, "मॅडमनं चान्स काढायला सांगितला आहे." वडील धंतोलीत औषधांच्या दुकानात कामाला. दुसऱ्या दिवशी ते तक्रार घेऊन हजर झाले. ऑफिसात मी होते, संस्थेचे सचिव होते.

"गणित शिकवा न जी," ते म्हणाले. "चान्स काहून शिकवता? माह्या भावानं क्रिकेटच्या सट्ट्यात चालतं दुकान घालवलं. आता पोरालेही तेच शिकवून राहिले तुम्ही."

आवाज चढलेला नव्हता. माणूस घाबरलेला होता, एवढं मला कळलं. सचिवांना मात्र वाद नको होता. वडील गेल्यावर सचिव मला म्हणाले, "पुढच्या वर्षीचं पत्र काढायचं आहे. या मॅडमचं नको काढायला. दुसरं कोणी पाहा." मी म्हटलं, निदान त्यांना बोलवून विचारा.

मॅडमनी स्वतःची बाजू मांडली नाही. "त्याइले एक तास मागच्या बाकावर बसू द्या. मंग काढा मले," एवढंच म्हणाल्या.

वडील आले. सातवीच्या बाकात गुडघे मावत नव्हते. मी आणि सचिव दाराशी उभे. मॅडमनी नाणं उडवलं. छापा. पुन्हा छापा. चार वेळा लागोपाठ छापाच आला, आणि हे काही ठरवून करता येत नाही. मॅडमनी विचारलं, "आता काय येईन?"

"काटा!" अख्खा वर्ग. मागच्या बाकावरून वडीलही हळूच म्हणाले, "काटाच येते आता."

"काहून, जी?"

"इतके छापे झाले न. आता काट्याची बारी आहे."

"बारी नळावर असते, रेशनच्या लायनीत असते," मॅडम म्हणाल्या. "तिथं पाहणारं कोणी असते, कोण आधी आलं ते. नाण्याले मागचं काय माहीत?"

आणि नाणं उडवलं. काटा आला.

वर्गाने बाकं वाजवली. वडील किंचित हसले. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं, झालं म्हणून. मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला.

"आला. पण बारी होती म्हणून नाही आला. अर्धा चान्स होता, अर्धाच राहिला होता."

"पण मॅडम, आमचं तं बरोबर निघालं," पुढची एक मुलगी म्हणाली.

"तेच तं वाईट झालं वं. चुकीच्या हिशोबानं बरोबर निघालं, का माणूस पुन्हा तोच हिशोब करते."

मागे बाक करकरला. वडील बाकाच्या फळीकडे पाहत होते.

"माहा भाऊ पहिल्या दिवशी जिंकला होता," ते म्हणाले.

काही मुलांना कळलं, काहींना नाही. मॅडमनी तो धागा ओढला नाही. मुलांना दोन नाण्यांचं उदाहरण दिलं आणि वहीत सोडवायला सांगितलं.

तास संपल्यावर वडील सचिवांना म्हणाले, "माही तक्रार नाही." पत्र निघालं. फाटकाशी वडिलांनी मॅडमना विचारलं, "भावाले आणलं तं चालन का?"

"शनिवारी शाळा सुटल्यावर आणा."

भाऊ यायचा. कधी यायचा, कधी नाही. रिकाम्या वर्गात नाणं उडवायच्या आधी काय येईल ते सांगायचा, आणि मॅडम फळ्यावर बरोबर आणि चूक अशा रेघा ओढत राहायच्या. उपदेश मी एकदाही ऐकला नाही. एका शनिवारी मी विचारलं, सुधारला का?

"माहीत नाही, ताई. मागचे दोन शनिवार आला. तिसऱ्याचं आज कसं सांगू?"

गेल्या जूनमध्ये त्यांना खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या शाळेत कायमची नोकरी लागली. निरोपाला समोसे होते. भाषण करा म्हटल्यावर त्या उठल्या, "चांगली शाळा आहे," म्हणाल्या आणि बसल्या. यावेळी "किती पैकी?" असं विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर फाटकाशी मोटारसायकल उभी राहिली. औषधांच्या दुकानातले वडील पुढे, भाऊ मागे. मॅडम गेल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. कुठे, ते त्यांनी विचारलं. तेही सांगितलं, आणि लांब पडेल असंही म्हटलं.

वडिलांनी मान वळवून भावाकडे पाहिलं. भावाने खिशातून रुमाल काढून उन्हासाठी तोंडाला बांधला. गाडी उलटी वळली आणि दोघे खापरखेड्याकडे निघून गेले.