‘खोडून काढणे’ : वाक्यात उपयोग करा

मशीनच्या तेलाचा वास आला की ती तुळशीची माळ आठवते. नव्वदच्या सुमारास सिल्वासाजवळच्या गलोंड्याच्या एका कारखान्यात आमचा शेजारी, धुळ्याकडचा कामगार, मशीनच्या पट्ट्यात ओढला जाऊन मेला. शेजारच्या गुजरातेत बंदी, पण सिल्वासात दारू खुली, त्यामुळे मॅनेजर सरळ म्हणाला, ‘पीके आया था.’ मी शाळामास्तर, म्हणून शेजाऱ्याच्या बायकोनं मला भरपाईचं बोलायला सोबत नेलं होतं. मी म्हणालो, ‘साहेब, तो माळकरी होता, दारूला शिवत नव्हता.’ तिनं पदराच्या गाठीतून माळ काढून टेबलावर ठेवली. मॅनेजर म्हणाला, ‘गले में तो नहीं थी.’ ती हळूच म्हणाली, ‘तुम्हीच काढाया लावली ना, मशीनमधी अडकंल म्हणून.’ मॅनेजरनं आमच्यासाठी चहा मागवला. निवृत्त होईपर्यंत ‘खोडून काढणे’चा अर्थ, ‘समोरच्याचं म्हणणं खोटं ठरवणे’, मी फळ्यावर लिहीत राहिलो, वाक्यात उपयोग मात्र मुलांवर सोडला.