इराचा जिआर्डिया आणि बुंदीची हकालपट्टी

रिपोर्टवर ‘जिआर्डिया’ लिहिलं होतं. हा आतड्यात राहणारा बारीक परजीवी, यानं जुलाब होतात. माझी सहा वर्षांची इरा तीन आठवड्यांत नुसती काडी झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, “घरी पाळीव प्राणी आहे?” झालं! मी निकाल तिथंच लावून टाकला.

बुंदी आमचा कुत्रा. महादेवपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगसमोरून इरानंच त्याला उचलून आणलं होतं.

“स्वल्प थांबा, जरा थांबा, मॅडम,” डॉक्टर कानडी वळणानं म्हणाले. “माझ्या ओळखीच्या एक बाई यावर संशोधन करतात. घरातल्या सगळ्यांच्या शौचाचे नमुने द्या, कुत्र्याचेही.”

नमुने दिले, पण थांबतंय कोण? नवरा म्हणाला, “अगं, रिपोर्ट तरी येऊ दे.” मी त्याच्यावरच खेकसले. तिसऱ्या दिवशी, इरा शाळेत असताना, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका गृहस्थांना बुंदी देऊन टाकला. फिरायला निघालोय असं वाटून तो शेपूट हलवत त्यांच्या गाडीत चढला.

इरा औषधानं आठवड्यात बरी झाली. मी म्हटलं, बघा, गेली ना पीडा!

महिन्याभरानं संशोधक बाईंचा फोन आला. जिआर्डिया दिसतो एकसारखा, पण जनुकांवरून त्याचे गट पडतात, त्यांना ‘असेंब्लेज’ म्हणतात. ‘ए’ आणि ‘बी’ माणसांत सापडतात, प्राण्यांतही. ‘सी’ आणि ‘डी’ बहुतेक कुत्र्यांतच. बुंदीचा ‘डी’ निघाला, इराचा ‘बी’.

“आणि तुमचाही बी. तुम्हाला त्रास होत नाही, इतकंच. पाणी कुठलं पिता?”

मी तोऱ्यात सांगितलं, टँकरचं, पण तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं. फिल्टर कशाला हवा!

“तांब्यावर विसंबू नका, उकळा,” त्या म्हणाल्या. पाण्यातून आला की माझ्या हातून, हे त्यांनाही सांगता येईना. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. घरातून कुणाला काढायचंच होतं, तर आधी मला काढायला हवं होतं.

त्या गृहस्थांना फोन केला. नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेट उघडं राहिलं आणि बुंदी पळाला, म्हणाले. आम्ही चार रविवार तिकडच्या गल्ल्या धुंडाळल्या. नाही सापडला.

तुमच्या घरी असं झालं तर पाणी उकळा, सगळ्यांची तपासणी करा आणि रिपोर्ट येईपर्यंत कुणावर खापर फोडू नका. लेक बरी झाली, डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण स्वतःचा राग येतो, अजून येतो.

शेवटी इराला सगळं खरं सांगितलं.

“तुला पण झालं होतं?”

“हो.”

“मग काय केलंस?”

“गोळ्या घेतल्या.”

“मग त्याला पण द्यायच्या ना, आई.”