नवमीची रिंग

कमळा हर्ण्याची. जाळ्याची गाठ सैल आहे की घट्ट, हे बोटांनी ओळखणाऱ्यांच्या घरातली. पंच्याऐंशी साली ती लोट्यातल्या, पंपांच्या रबरी रिंगा बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तपासणीला लागली, तेव्हा तिला कामाचं फारसं नवल वाटलं नाही. रबरातही जाळंच असतं. गंधक घालून तापवलं की त्याच्या धाग्यांना गाठी बसतात. ती रिंगेची पातळ चकती कापायची, तिच्यावर सुईने पांढरे ठिपके द्यायची, चिमट्यात ताणायची आणि सूक्ष्मदर्शकातून बघायची. सोडल्यावर ठिपके जागेवर आले तर गाठी पक्क्या. कुठे ते फाकलेलेच राहिले, तर तिथे रबर कच्चं. मग मॅनेजर मुकाट्याने त्या खेपेच्या सगळ्या रिंगा फेकायचा.

तिचा नवरा काशीराम आणि धाकटा भाऊ बाबल्या शेजारच्या केमिकल कंपनीत पाळीपाळीने पंपावर. पंपात ॲसिड, आणि ते अडवायला हिच्याच कारखान्याची रिंग. बायकोच्या नजरेचं कौतुक काशीराम चारचौघांत करायचा. नवऱ्याने एवढं करू नये, पण करायचा बापडा.

खंडेनवमीला यंत्रांबरोबर सूक्ष्मदर्शकाचीही पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूची माळ. दुपारी मॅनेजर सकाळी काढलेल्या रिंगांतली एक तपासायला घेऊन आला; कंपनीचा पंप दसऱ्याला चालू व्हायचा होता. पूजेतल्या वस्तूला उद्यापर्यंत हात लावायचा नाही, असं कमळाने सांगितलं. त्यालाही ते पटलं आणि रिंगा न बघताच कंपनीत गेल्या. पूजेच्या घाईत रबर पुरतं तापायच्या आधीच साचे उघडले होते, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

दसऱ्याला पूजा उठवून तिने त्याच खेपेतली शिल्लक राहिलेली रिंग कापली. कडेचे ठिपके परत आले. मधले आलेच नाहीत. तिने दुसरी चकती घेतली, तीही तशीच. ती तशीच कंपनीच्या गेटाकडे धावली.

काशीराम गेटावरच भेटला, पाळी संपवून, हातात आपट्याची पानं. त्याला बाहेर बघून तिच्या जिवात जीव आला.

"नवी रिंग बसवलीत?" तिने विचारलं.

"मीच बसवली गो. साहेब म्हणत होते, आधी पाण्यावर चालवून बघू. मी म्हटलं, माझ्या बायकोने बघितलेली हाय, सोडा ॲसिड."

"मी बघितली नाय," कमळा म्हणाली.

काशीरामने आत वळून पाहिलं. पंपावर आता बाबल्या होता. पानं तिच्या हातात कोंबून तो शेडकडे पळत सुटला. तो दारात पोचतो न पोचतो, तोच कंपनीचा भोंगा वाजला. एरवी तो पाळी बदलतानाच वाजायचा; आणि पाळी तर मघाशीच बदलली होती.