डिकीतली माती

माझ्या स्कूटीच्या डिकीचं मी फार कौतुक करायचे. सकाळी डबा डिकीत टाकायचा, शाळेच्या आवारात उन्हात गाडी लावायची आणि दुपारी सीट उचलली की वांग्याची भाजी गरमागरम. स्टाफरूममध्ये बाकीच्यांच्या पोळ्या वातड, माझ्या मऊ. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की पुढे जे झालं त्याचा पुरावा मी स्वतःच आधी सगळीकडे वाटून ठेवला होता असं म्हणायला हरकत नाही.

शाळा म्हणजे लोहाऱ्यातली एक खासगी शेतकी शाळा. तिथं मी माती शिकवते. पण माझा खरा विषय सूत्रकृमी. मातीत राहणारे दोऱ्यासारखे किडे, इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यातले काही पिकाच्या मुळात शिरून त्याचा रस पितात. यावर मी एके काळी वर्षभर डोळे फोडून अभ्यास केला, आणि त्यानंतर जगात कुणालाही त्याची गरज पडली नाही. एकदाच एका माणसानं आपणहून विचारलं होतं. तो मला बघायला आला होता. माझं उत्तर पाऊण तास चाललं, पोहे गार झाले. तरी त्यानं होकार कळवला, यावरून त्याचा स्वभाव लक्षात यावा.

त्यामुळे अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या एका गावातून, बायकांच्या दूध गटाकडून फोन आला तेव्हा मला गगन ठेंगणं झालं. गटात बारा जणी. प्रत्येकीच्या दारात दोन-तीन म्हशी आणि ओढ्याकाठी लसूणघासाचा एकेक तुकडा. हा घास एकदा पेरला की दोन-तीन वर्षं कापत राहायचा, कापला की पुन्हा फुटतो. त्या वर्षी तो फुटेनासा झाला होता. मध्येच पिवळे चट्टे पडत होते, उपटून बघितलं तर मुळांवर काळपट डाग. डाग तर पाणी साचूनही पडतात, बुरशीनंही पडतात. सूत्रकृमी आहेत का, आणि असले तर कुठले, हे माती तपासल्याशिवाय सांगता येत नव्हतं. आणि ते सांगू शकणारी अख्ख्या तालुक्यात मी एकटी, असं मी स्वतःच त्यांना सांगितलं.

गावच्या समाजमंदिरात बायका जमल्या. पहिल्या रांगेत, अगदी माझ्यासमोर, एक साठीच्या बाई बसल्या होत्या. सगळ्या त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. गावातला पहिला घास त्यांनी लावलेला. तुकड्याचा एक कोपरा त्या न कापता बियाला सोडत आणि ते बी मागेल तिला देत. बाकीच्या अकराही तुकड्यांत अक्कांचंच बी होतं.

माझा आवाज खणखणीत आहे. वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा माझ्या तासाला झोपू शकत नाही. त्या आवाजात मी सांगितलं, "मातीतले सगळेच किडे वाईट नसतात. तोंडात सुई असेल तो चोर, सुई नसेल तो साव. ही सुई मी तुम्हाला मायक्रोस्कोपखाली दाखवीन. मुळाजवळची माती काढा, पिशवीत बांधा आणि मी न्यायला येईपर्यंत थंड जागी ठेवा. हे जिवंत जीव आहेत. वाटेत मेले, तर मला दिसणार नाहीत." शेवटचं वाक्य तर मी दोनदा सांगितलं.

चार दिवसांनी मी पिशव्या आणायला गेले. पाडवा होऊन गेला होता, ऊन चटके देत होतं. अकरा पिशव्या तयार होत्या. अक्का नळदुर्गला लेकीकडे गेल्या होत्या, त्यांची राहिली. पिशव्यांना ऊन लागू नये म्हणून मी त्या काळजीनं डिकीत रचल्या आणि सीट बंद केली. वाटेत तहसीलमध्ये लेकीच्या दाखल्याचं काम होतं. तिथं दोन तास गेले. गाडी उन्हात होती. मी लिंबाखाली सावलीत उभी होते, कारण मला ऊन सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का एसटीनं शाळेत आल्या. मांडीवर दुधाची किटली. झाकण काढलं तर आत ओलं फडकं, फडक्यात पिशवी.

"अक्का, हे काय, बाळ आणल्यासारखं!" मी हसले. आमचा शिपाईही हसला.

"तुमीच म्हणला जित्ती हायेत म्हणून," अक्का म्हणाल्या. "मंग गारवा नगं का त्यायला? रातभर माठाखाली ठिवली हुती."

किडे मातीतून काढायची आमची पद्धत साधी आहे. नरसाळ्याला खाली रबरी नळी, नळीला चिमटा. नरसाळ्यात पाणी, वर गाळणी, गाळणीत पातळ कागदी रुमाल आणि रुमालावर माती. जिवंत किडा वळवळत रुमालातून पार होतो, पाण्यात उतरतो आणि नळीच्या तळाला जमतो. शाळेत नरसाळी दोनच होती, म्हणून मी बाजारातून तेलाची दहा आणली. बारा नरसाळी ओळीनं मांडल्यावर मी त्यांचा फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला.

दुसऱ्या दिवशी चिमटे सैल करून एकेकाचे थेंब काचेवर घेतले. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. अकरा वेळा निर्मळ पाणी. मग अक्कांचा थेंब ठेवला आणि काच नुसती वळवळायला लागली. त्यात साव होते तसे चोरही होते. बोथट डोकं, आत आखूड जाड सुई, मुळांना जखमा करत फिरणारी जात. मी तिला बघताक्षणी ओळखलं. इतक्या वर्षांनीही ओळखलं, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. तोही फोटो स्टेटसला गेला.

सोमवारी समाजमंदिरात मी निकाल सांगितला. उभी राहून, खणखणीत आवाजात. "अकरा जणींची माती स्वच्छ आहे. किडे फक्त अक्कांच्या तुकड्यात आहेत. तो तुकडा लवकरात लवकर खोल नांगरून उन्हात तापत ठेवायला हवा. नाहीतर ओढ्याच्या पाण्यानं सगळ्यांकडे पसरेल."

अक्का समोरच होत्या. त्यांनी विचारलं, "म्याडम, बी समद्यांच्या रानात माझंच हाय. पाणी बी एकाच वड्याचं. खुरपी बी आमी एकमेकीची वापरताव. मंग किडं माझ्याच रानात कसं?"

हा प्रश्न माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. अक्कांना मी म्हणाले, "अक्का, मशीन खोटं बोलत नाही." मायक्रोस्कोप म्हणजे दोन भिंगं आणि खाली एक दिवा. तो खरंही बोलत नाही आणि खोटंही. बोलत होते ती मी.

मी निघाले तेव्हा एक बाई अक्कांना म्हणत होती, "तुमचं खुरपं आमच्याकडं हाय, सांच्याला आणून देती." दुसरीनं गेल्या सालचं शिल्लक बी परत करायचं ठरवलं. अक्का मान हलवत होत्या. मला तेव्हा वाटलं, बघा, गाव किती जागरूक झालं.

बुधवारी दुपारी मी डबा काढायला सीट उचलली. डब्याच्या झाकणावर मातीचा थर होता, पिशव्यांतून सांडलेली. तो फुंकत मी स्टाफरूममध्ये आले आणि सवयीनं म्हणाले, "बघा, हात लावून बघा, चटका बसतो की नाही!" एकीनं हात लावला आणि झटकन मागे घेतला.

आणि मला तहसीलसमोर दोन तास उन्हात उभी असलेली गाडी आठवली.

ज्या डिकीत भाजी चार तास गरम राहते, त्या डिकीत मी अकरा पिशव्या जिवंत माती ठेवली होती. रुमालातून खाली उतरायला किडा जिवंत लागतो. मेलेला वरच राहतो, पाणी निर्मळ दिसतं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे अकरा थेंबांत चोर नव्हते तसे सावही नव्हते. शेतातल्या मूठभर मातीत एकही सूत्रकृमी नाही, असं होतच नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना परीक्षेला विचारते. अकरा वेळा ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि अकरा वेळा मी वहीत 'स्वच्छ' लिहिलं. सगळ्या गावात माती नीट सांभाळली ती एकट्या अक्कांनी, आणि दोषीही त्याच ठरल्या.

तेव्हाच फोन करायला हवा होता. मी केला नाही. आधी खात्री करू म्हटलं. शाळेच्या बागेतली माती घेतली, एक पिशवी डिकीत, एक माठाशेजारी. गुरुवारी दोन्ही नरसाळ्यांत लावल्या. शुक्रवारी बघितलं, माठाची पिशवी वळवळत होती, डिकीची निर्मळ. तरी फोन केला नाही. आता म्हटलं, गावात जाऊन समोर सांगितलेलं बरं. फोनवर असं सांगणं बरं दिसत नाही. तीन दिवस मी अशी कारणं काढत होते. खरी गोष्ट एवढीच की मला लाज वाटत होती.

शनिवारी लावला. अक्कांनीच उचलला.

"काल नांगरलं बगा," मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या. "टॅक्टर बोलवला. तुमी म्हणला तसं खोल केलं. म्हशी कडबा खायना झाल्यात, पर खातील आपसूक. बोला, काय काम काढलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "सहज केला."

हे लिहायला मला अजून जड जातं. तीन वर्षं जपलेला तुकडा माझ्या शब्दावर उलटापालटा झाला होता, आणि त्या माणसाला मी 'सहज' म्हणून फोन ठेवला. शिवाय मनात कुठंतरी हिशोबी विचार येऊन गेलाच, की त्यांच्या मातीत किडे खरोखर होते, म्हणजे माझा सल्ला तसा चुकीचा नव्हता. स्वतःला सोडवण्यात माझी बुद्धी कधी कमी पडत नाही.

रविवारी मी थर्माकोलचा खोका, बर्फ आणि ओलं गोणपाट घेऊन बसनं गेले. स्कूटी घरीच ठेवली. एकदा पडताळून बघायचंय, पुन्हा नमुने हवेत, असं काहीतरी पुटपुटत अकरा तुकड्यांतली माती स्वतः काढली. मधे अक्कांचं रान लागलं. ढेकळं वर आली होती, घासाची मुळं उन्हात वाळत पडली होती. बियाला सोडलेला कोपराही गेला होता. अक्का बांधावर नव्हत्या. बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा राग आला.

अकरापैकी दहांच्या मातीत तोच किडा निघाला. साव तर सगळीकडे होते.

पुन्हा समाजमंदिर. बायका जमल्या. मी सतरंजीवर बसूनच बोलायला सुरुवात केली. वही उघडून मान खाली घातली. नमुने, तापमान, वाहतुकीत झालेला बदल, असे शब्द घातले. पुस्तकी मराठीत अपराध किती लहान दिसतो, हे त्या दिवशी मला कळलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. कुणाला काही उमगलं नव्हतं.

"म्याडम, मागं आयकू येत न्हाय."

आवाज दाराजवळून आला. अक्का पार मागे, उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये माणूसभर सतरंजी रिकामी होती. ती जागा त्यांना कुणी नेमून दिली नव्हती. आठवड्याभरात त्या आपणच तिथं सरकल्या असाव्यात.

मी जरा मोठ्यानं तेच पुन्हा वाचलं.

"न्हाय आलं," अक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "त्या दिशी कसं सांगितलं हुतं, हुबं ऱ्हाऊन? पार वेशीवर गेलं. तसं सांगा."

मी वही मिटली. उभी राहिले. आवाज सापडला. "तुमची माती मी डिकीत ठेवली. ती भाजली, त्यातले किडे मेले, म्हणून मला दिसले नाहीत. अक्कांनी माती ओल्या फडक्यात आणली, म्हणून त्यांचे जिवंत राहिले आणि मला दिसले. हा किडा आणखी दहा जणींच्या रानात आहे. अक्कांच्या एकट्यांच्या नाही. अक्कांचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे, आणि कळल्यावर इतके दिवस मी गप्प बसले, तीही माझी आहे."

बाहेर पारावर बसलेली माणसं वळून आत बघू लागली, एवढ्या आवाजात.

जिनं खुरपं परत केलं होतं, ती बाई हातातल्या बांगड्या मागेपुढे करत होती. मग ती थोडी बाजूला सरकली. तिच्या शेजारची सरकली. अक्का गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पदर सारखा केला, बायकांच्या मधून वाट काढत पुढे आल्या आणि पहिल्या रांगेत माझ्यासमोर, आपल्या जागेवर बसल्या.

"आता आलं," त्या म्हणाल्या. "आता फुडं काय करायचं, त्ये सांगा."